गुऱ्हाळाच्या चुलवाणाची फेररचना : २०२४-२५ च्या हंगामातील प्रकल्प नोंदी

१९ ऑगस्ट २०२४

पुण्यातील आमचा डिझाइन विभाग, कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यंत्र विभाग आणि करवीर तालुक्यातील एक गुऱ्हाळ अशा तिघांच्या भागीदारीला आज विद्यापीठाची मंजुरी मिळाली. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी आपापले नेट-झिरो आराखडे तयार केले, मात्र छतावरचे सौर पॅनेल, एलईडी दिवे आणि वृक्षारोपण यांच्यापुढे ते सहसा जात नाहीत. डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी आवाराबाहेरच्या एखाद्या भट्टीवर एक पूर्ण हंगाम काम करावे, असा प्रस्ताव आम्ही ठेवला होता. गुऱ्हाळ, वीटभट्टी किंवा कुंभारभट्टीवर असेच काम करू पाहणाऱ्या महाविद्यालयांसाठी या नोंदी ठेवत आहोत.

कामाचा हिशेब साधा आहे. शंभर किलो उसातून साठ किलोंच्या आसपास रस निघतो आणि त्याचा अकरा-बारा किलो गूळ होतो. उरलेले चाळीस किलो चिपाड जवळजवळ निम्मे पाणीच असते, त्यामुळे उन्हात वाळल्यावर ते बावीस-तेवीस किलो भरते. म्हणजे एक किलो गुळामागे गुऱ्हाळाकडे स्वतःचे सुमारे दोन किलो वाळके जळण असते. चुलवाण (रस आटवण्याची भट्टी) त्याहून जास्त खात असेल, तर तूट बाहेरून भरून काढावी लागते, आणि बाहेरून येणाऱ्या जळणात लाकूड, भंगारातले टायर, प्लॅस्टिक असे काहीही असते. आयआयटी मुंबईतील अभ्यासकांनी २०१० साली चार काहिलींच्या (रस आटवायच्या मोठ्या कढयांच्या) चुलवाणावरील मोजमाप प्रसिद्ध केले होते. त्यात जळणातील केवळ २९ टक्के उष्णता गुळाच्या कामी येत होती, आणि धुरातील प्राणवायूचे प्रमाण पाहून जळण घालण्याची पद्धत बदलल्यावर एक किलो गुळामागील चिपाड २.३९ किलोंवरून १.७३ किलोंवर आले. आमच्या गुऱ्हाळात एकच काहील आहे. दोन किलोंच्या खाली येणे एवढेच उद्दिष्ट आम्ही लिहून ठेवले आहे.

११ सप्टेंबर

सामंजस्य करार अडला होता. विद्यापीठाचा ठरलेला मसुदा मोठ्या कंपन्यांसाठी तयार केलेला असून तो इंग्रजीत आहे, आणि ‘प्रकल्पातून निर्माण होणारी सर्व बौद्धिक संपदा विद्यापीठाची राहील’ असे कलम त्यात आहे. गुऱ्हाळमालकांना, म्हणजे आबांना, आम्ही तो मराठीतून वाचून दाखवला. त्यांनी विचारले, “माझ्याच चुलवाणावर केलेला बदल उद्या भावाच्या गुऱ्हाळात करायचा झाला, तर तुमची परवानगी काढायला पुण्याला यायचं का?” या प्रश्नाचे सरळ उत्तर मसुद्यात कुठेही नव्हते.

शेवटी करार मराठीत नव्याने लिहिला आणि त्यात तीन गोष्टी घातल्या. सर्व आराखडे खुले राहतील. आमच्या प्रयोगामुळे एखादे आदण (एका वेळी काहिलीत आटवायला घेतलेला रस) बिघडले, तर त्या दिवशीच्या बाजारभावाने भरपाई दिली जाईल. गुळव्याने, म्हणजे गूळ तयार करणाऱ्या कारागिराने, थांबा म्हटले की प्रयोग त्याच क्षणी थांबेल, मग यंत्रावर काहीही आकडा दिसत असो. पहिल्या आणि तिसऱ्या कलमाला कोणाची हरकत आली नाही. दुसऱ्यासाठी लेखा विभागाकडे खर्चाचे शीर्षच नव्हते, कारण बिघडलेला गूळ ही उपकरणखरेदी नव्हे, प्रवास नव्हे आणि मानधनही नव्हे. तो ‘प्रायोगिक साहित्य’ या शीर्षाखाली बसवून घेण्यात बरेच दिवस गेले. असे काम करणाऱ्यांनी ही विचारणा अगदी पहिल्या आठवड्यातच करावी.

१८ ऑक्टोबर

परतीच्या पावसामुळे चिपाड वाळलेले नाही आणि गुऱ्हाळ सुरू झालेले नाही. विद्यार्थ्यांचे सत्र मात्र नोव्हेंबरअखेर संपते. गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. आमचे एक सत्र त्याच्या तोंडाशी संपते आणि दुसरे त्याच्या मध्यावर सुरू होते. त्यामुळे दोन विद्यार्थिनींचा अंतिम वर्षाचा प्रकल्प या कामाशी जोडून त्यांना सलग मुदत देण्याची विनंती विभागाकडे केली आणि ती मान्य झाली. या एका निर्णयावाचून पुढचे काही झाले नसते.

१४ नोव्हेंबर

मूळ स्थितीचे मोजमाप पूर्ण झाले. प्रत्येक आदणाला घातलेले चिपाड ताडपत्रीत बांधून वजन केले, त्याचा नमुना महाविद्यालयाच्या भट्टीत १०५ अंशांवर वाळवून ओलावा काढला आणि तयार झालेल्या गुळाचे रवे (ढेपा) मोजले. धुराड्यात भाड्याने आणलेले वायू-विश्लेषक यंत्र आणि तापमान मोजणाऱ्या तारा लावल्या. पहिल्या तारा एका दिवसात जळाल्या, कारण त्यांचे आवरण भट्टीच्या तापमानाचे नव्हते. सिरॅमिक नळीतल्या तारा मागवेपर्यंत चार दिवसांचे भाडे वाया गेले.

निकाल असा आहे की एक किलो गुळामागे सरासरी २.७ किलो जळण लागते. त्यात चिपाडाखेरीज लाकूड आणि टायरचे तुकडे आहेत. टायरबद्दल आबांनी काहीही लपवले नाही. संध्याकाळी चिपाड दमट झाले की जाळ बसतो, आणि तो उठवायला टायरचा एक तुकडा पुरतो, असे त्यांनी सांगितले.

धुरातील प्राणवायूचा आलेख पाहण्यासारखा निघाला. जाळ घालणारे काका एका वेळी मोठा भारा आत लोटतात. लगेच धूर काळा होतो आणि प्राणवायू जवळजवळ संपतो. भारा जळून गेल्यावर उघड्या तोंडातून थंड हवा आत ओढली जाते, प्राणवायू पंधरा टक्क्यांच्या वर जातो आणि तापलेली हवा तशीच धुराड्यातून निघून जाते. नुकसान या दोन्ही टोकांना होते.

२२ नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानासाठी मजूर गावी गेल्यामुळे आठवडाभर काम बंद होते.

९ डिसेंबर

पहिला नमुना बसवला आणि काढला. विद्यार्थिनींनी चुलवाणाच्या तोंडाला झुलते झाकण तयार केले होते. जळण ढकलले की ते उघडावे आणि आपोआप मिटावे, म्हणजे जादा हवा आत जाणार नाही, अशी कल्पना होती. पुठ्ठ्याचा नमुना विभागात उत्तम चालला होता. तीन मिलिमीटर पत्र्याचे झाकण मात्र दुसऱ्याच आदणाला वाकडे झाले आणि चौकटीत अडकले.

पत्रा जाड केला असता तर ही अडचण सुटली असती, परंतु खरे कारण वेगळे होते. काका म्हणाले, “जाळ दिसंना झालाय, मग घालू कसा?” ते जळण मोजून घालत नाहीत, जाळाचा रंग पाहून घालतात. वर काहिलीशी उभ्या असलेल्या गुळव्याची हाक आणि खालचा जाळ या दोन गोष्टींवर सगळे आदण चालते. मळी (रसातील गाळाचा फेस) वर येण्याआधी जाळ कमी ठेवावा लागतो, मळी काढल्यावर तो पूर्ण चढवावा लागतो, आणि पाक ११८ अंशांच्या जवळ येऊ लागला की झटकन उतरवावा लागतो, नाही तर गूळ करपून रंग जातो. बाजारात पिवळ्या गुळाला भाव आहे. आमच्या झाकणाने काकांची नजर बंद केली होती. झाकणाचा खर्च सुमारे सहा हजार रुपये झाला. ते आता रसाच्या टाकीवर झाकण म्हणून वापरात आहे.

२० डिसेंबर

नवे काही बनवण्याआधी आठवडाभर केवळ काकांच्या कामाची नोंद ठेवली : ते कुठे उभे राहतात, किती वेळाने जळण घालतात आणि मधल्या वेळात काय करतात. मोठा भारा लोटण्याचे कारण त्यातून स्पष्ट झाले. एकदा भारा लोटला की त्यांना चुलवाणापासून दूर जाता येते, आणि त्या वेळात ते अंगणातले चिपाड उलटतात, पाणी पितात, सावलीत बसतात. थोडे-थोडे जळण वारंवार घालायचे म्हटले, तर त्यांना पूर्ण वेळ धगीपुढे उभे राहावे लागणार. आम्ही तंत्राच्या भाषेत ‘भरणाचे नियमन’ म्हणत होतो, ते प्रत्यक्षात एका माणसाच्या विश्रांतीवर आलेले संकट होते.

त्यामुळे मागणी दोन भागांत लिहिली. जळण लहान हप्त्यांत जावे, आणि घालणारा धगीपासून निदान हातभर लांब राहावा. यावर ठरलेली रचना अशी : तोंडाची रुंदी विटा लावून कमी करणे, त्यापुढे उतरती पत्र्याची पन्हळ बसवणे, तिच्यावर रचलेले चिपाड लांब दांड्याच्या लाकडी ढकलण्याने आत सरकवणे, आणि जाळ पाहण्यासाठी बाजूला विटेएवढे भोक ठेवणे. पन्हळ व तोंड यांच्यामध्ये मातीची आडभिंत घालायची सूचना काकांचीच होती, कारण धग पायांना लागते, तोंडाला कमी. आमच्या कोणाच्याही रेखाटनात पाय नव्हते.

८ जानेवारी २०२५

पन्हळ बसली आणि चालली. त्याबरोबर जळण ज्यावर जळते ती जुनी लोखंडी जाळी बदलून गजांमधील अंतर कमी केले, कारण अर्धवट जळालेले चिपाड राखेत पडत होते. पहिल्या दोन दिवसांत गजांमध्ये राख घट्ट बसून हवा कोंडली. एकाआड एक गज थोडा खाली घेतल्यावर राख मोकळी पडू लागली.

धुराड्यात हवा कमी-जास्त करण्यासाठी सरकती पट्टीही बसवली होती. ती तापून फुगली आणि अडकली, म्हणून खाच दोन्ही बाजूंनी पाच मिलिमीटर वाढवावी लागली. तिची मूठ धुराड्यालगत असल्याने हात भाजत होता. आता पट्टी तारेने खालून ओढतात आणि तारेला गाठी मारलेल्या आहेत : पहिली गाठ मळीच्या वेळेची, दुसरी पूर्ण जाळाची, तिसरी उतरवण्याची. आकडे छापलेली सुबक पट्टी विद्यार्थिनींनी तयार केली होती. ती कोणी पाहिलीही नाही.

१६ जानेवारी

संक्रांतीच्या आधीचे काही दिवस गुऱ्हाळात प्रयोगाला जागा नसते. आम्ही रवे उचलायला मदत केली.

३ फेब्रुवारी

पूर्वतापनाची काहील हा आमच्या आराखड्यातला सर्वात आशेचा भाग होता. मोठ्या काहिलीखालून निघालेला धूर अजून बराच तापलेला असतो, म्हणून धुराड्याकडे जाणाऱ्या नळात दुसरी, लहान काहील बसवून पुढच्या आदणाचा रस तिच्यात तापवायचा. उत्तर प्रदेशात अनेक काहिलींची चुलवाणे नेहमीची आहेत, त्यामुळे कल्पनेत नवे काही नव्हते. जुनी काहील भंगारात साडेचौदा हजारांना मिळाली.

बसवल्यावर दोन गोष्टी बिघडल्या. पहिली म्हणजे मुख्य जाळच मंदावला. नळात काहील उतरल्याने धुराची वाट अरुंद झाली, धूर थंड होऊन धुराड्यात चढू लागला आणि धुराड्याची ओढ कमी झाली. नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या चुलवाणात धुरातली सगळी उष्णता काढून घेता येत नाही, काही उष्णता धुराला वर जाण्यासाठी सोडावीच लागते. नळाचा तळ वीतभर खोल खणल्यावर ओढ पुष्कळशी परत आली.

दुसरी गोष्ट महाग पडली. सकाळचा वेळ वाचावा म्हणून आदल्या संध्याकाळी गाळलेला रस लहान काहिलीत भरून ठेवला. विटा रात्रभर ऊबदार होत्या आणि रस कोमट राहिला. उसाचा रस मुळात आंबटसर असतो. तो तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात आणि साखरेचे विघटन होते. सकाळच्या आदणाचा गूळ निवण्यासाठी वाफ्यात ओतला, पण तो बसलाच नाही, चिकट राहिला. गुळव्याने पाकाची गोळी पाण्यात टाकून आधीच मान हलवली होती. आदणाची भरपाई करारातील दुसऱ्या कलमानुसार दिली, क्विंटलला चार हजारांच्या आसपासच्या भावाने. चिकट गूळ जनावरांच्या खाद्यासाठी गेला.

१७ फेब्रुवारी

आता लहान काहिलीत रस केव्हा भरायचा हे घड्याळावर ठरत नाही. मोठ्या काहिलीतली मळी निघाली की घाणा (ऊस गाळण्याचे यंत्र) सुरू करायचा, आणि त्या वेळी गाळलेला ताजा रसच लहान काहिलीत घ्यायचा. त्यामुळे रस थेट तापतो, कोमट अवस्थेत रेंगाळत नाही आणि पुढच्या आदणाला मोठ्या काहिलीत गरमच उतरतो. रोजचे शेवटचे आदण लागले की लहान काहिलीत साधे पाणी भरायचे. ते भांडी धुवायला आणि आंघोळीला वापरतात. रिकामी ठेवली तर काहील जळते, म्हणून पाणी भरणे टाळू नये.

१० मार्च

विद्यापीठाच्या शाश्वतता कक्षाने वार्षिक अहवालासाठी विचारणा केली की प्रकल्पामुळे किती टन कार्बन डायऑक्साइड वाचला. त्यांनी सोबत पाठवलेल्या तक्त्यात वाचलेले चिपाड किलोत घातले की टन आपोआप निघतात.

हा तक्ता आम्ही भरला नाही. चिपाड जळताना निघणारा कार्बन उसाने वाढताना हवेतून घेतलेला असतो. हरितगृह वायूंच्या प्रचलित हिशेबपद्धतीत जैविक इंधनाचा कार्बन डायऑक्साइड वेगळा नोंदवतात, तो एकूण उत्सर्जनात मिळवत नाहीत. जळताना निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढे मोजतात. म्हणजे चिपाड वाचवल्याने कागदावर जवळजवळ काहीच वाचत नाही. खनिज कार्बन टायरमध्ये आहे, घाणा फिरवणाऱ्या विजेत आहे (देशाच्या ग्रीडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो), आणि वीज गेल्यावर चालवल्या जाणाऱ्या डिझेल इंजिनात आहे (एका लिटरमागे सुमारे २.७ किलो). वाचलेले चिपाड आबा विकणार, आणि ते घेणाऱ्याने त्याच्या वापरातून कोळसा वाचवला, तर ती बचत त्याच्या खात्यात जाते. तीच आम्ही लिहिली तर दोनदा मोजली जाईल. शिवाय गुऱ्हाळ विद्यापीठाच्या मालकीचे नाही, त्यामुळे तिथली घट आवाराच्या उत्सर्जनातून वजा करण्याचा प्रश्नच येत नाही.

बैठक लांबली आणि थोडी तापलीही. कक्षातील सहकाऱ्यांची अडचण खरी होती, कारण त्यांच्याकडे वरून आकडाच मागितला जातो. शेवटी अहवालात टनांऐवजी ‘खरेदी केलेले जळण’ आणि ‘टायरचा वापर’ या दोन ओळी घालण्याचे ठरले. दोन्ही गोष्टी गुऱ्हाळाच्या वहीतून पडताळता येतात. या दोन ओळींमुळे प्रकल्पाचे महत्त्व कमी झाले असे कक्षाला वाटले. आमच्या मते एवढेच विधान टिकणारे होते.

२८ मार्च

आर्थिक वर्ष संपत असल्याने बिलांची धावपळ झाली. गवंडी आणि भंगारवाला पक्के बिल देत नाहीत, म्हणून साध्या पावत्यांवर आबांची व महाविद्यालयाची सही घेऊन प्रमाणपत्र जोडावे लागले. एकूण खर्च यंत्राच्या भाड्यासह एक लाख दहा हजारांच्या घरात गेला. त्यातील जवळपास निम्मी रक्कम भाड्याची आहे. दुसऱ्यांदा हेच काम करणाऱ्याला विश्लेषक यंत्र पूर्ण हंगाम लागणार नाही. पन्हळ, जाळी, पट्टी आणि आडभिंत एवढेच करायचे तर पंचवीस-तीस हजारांत होते, लहान काहील धरली तर पन्नास हजारांच्या आत.

२४ एप्रिल

शेवटचे मोजमाप : एक किलो गुळामागे १.९ किलो जळण. हा आकडा एप्रिलच्या कडक उन्हात वाळलेल्या चिपाडाचा आहे. नोव्हेंबरच्या मूळ मोजमापाशी तुलना करण्यासाठी दोन्ही वेळचा ओलावा हिशेबात घेतला आहे, तरी हवामान आणि उसाची जात ही दोन्ही बदललेली आहेत. म्हणून नोव्हेंबरमध्ये पुन्हा मोजल्याशिवाय हा आकडा अंतिम म्हणून कुठेही छापू नये असे भागीदारांनी ठरवले. फेब्रुवारीच्या मध्यापासून जळण विकत घेतलेले नाही आणि टायर वापरलेला नाही. गुळाचा रंग पूर्वीसारखाच असल्याचे अडत्याने सांगितले, आणि आबांना तेवढेच महत्त्वाचे वाटते.

आता एक गोष्ट अनुत्तरित आहे. जळणाची बचत आबांच्या खिशात गेली, आणि वारंवार जळण सारण्याचे वाढीव काम काकांच्या अंगावर आले. आडभिंतीने धग कमी झाली असली तरी सावलीत बसण्याचा वेळ गेला तो गेलाच. करारात मालक आणि विद्यापीठ यांचा विचार होता. काकांचे नावही त्यात नव्हते. हा विषय आम्ही आबांपुढे मांडला. त्यांनी पुढच्या हंगामापासून मजुरी वाढवण्याचे आणि चिपाड उलटायला वेगळा माणूस ठेवण्याचे कबूल केले. नव्या करारात ही अट लेखी घातली जाईल, आणि काका त्यावर तिसरे सहीदार असतील.

१२ मे

पावसाआधीची कामे : धुराड्याच्या तोंडावर पत्र्याची टोपी घालणे, पट्टीची खाच तेल लावून कापडाने बंद करणे, लहान काहील उतरवून पालथी ठेवणे, नळाच्या खणलेल्या भागात पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला उतार देणे. मराठीत मापे लिहिलेल्या आराखड्यांच्या प्रती आबांकडे आणि महाविद्यालयाकडे दिल्या आहेत. शेजारच्या गावातील एका गुऱ्हाळमालकाने पन्हळीचे माप नेले असून त्यांच्या चुलवाणाचे तोंड अधिक रुंद आहे. त्यांच्यासाठी विटांची मांडणी जूनमध्ये नव्याने काढायची आहे.